स्वस्त डोंगल, जीएनयू रेडिओ आणि आवाजातला खटका

आरटीएल२८३२यू चिपचा डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि जीएनयू रेडिओ (रेडिओ सिग्नलवर प्रक्रिया करणारे मोफत सॉफ्टवेअर) ही जोडी मी गेले काही महिने जवळजवळ रोज वापरत आहे. चिपची 8 बिटांची मर्यादा आणि सेकंदाला 2.4 मेगासॅम्पलचा, म्हणजे सिग्नलच्या 24 लाख मोजमापांचा, भरवशाचा वेग हे वापरणाऱ्या सर्वांना ठाऊक आहेत. लिनक्समध्ये कर्नल या डोंगलला टीव्ही ट्यूनर समजून स्वतःचा ड्रायव्हर जोडतो. तो ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करून, म्हणजे आपोआप जोडला जाणार नाही अशी सोय करून, संगणक पुन्हा सुरू केला की ते प्रकरण मिटते.

माझी खरी तक्रार आवाजातल्या खटक्याविषयी आहे. 2.4 मेगासॅम्पलला 10 ने भागले की 240 हजार होतात, एफएम डिमॉड्युलेटरमध्ये (सिग्नलमधून आवाज वेगळा काढणाऱ्या भागात) पुन्हा 5 ने भागले की 48 हजार, म्हणजे साउंडकार्डाला हवे तेवढेच. हिशेब असा चोख असूनही काही वेळ कार्यक्रम नीट ऐकू येतो, मग मध्येच ‘खट्’ होते आणि टर्मिनलवर ‘एयू’ ही अक्षरे, म्हणजे साउंडकार्डाला सॅम्पल कमी पडल्याची खूण, उमटतात. विक्रेत्याने महागडे मॉडेल सुचवले, आणि काही आठवडे मलाही डोंगलच टाकाऊ वाटत होता.

आता माझे मत तसे राहिलेले नाही. डोंगलचे घड्याळ चालवणारे स्फटिक वेगळे आणि साउंडकार्डाचे वेगळे. दोघांत दहा लाखांत 20 भागांचा फरक असला, तरी सेकंदाला जवळजवळ एक सॅम्पल कमी पडते. शाळेच्या गणितातल्या, एका नळाने भरणाऱ्या आणि दुसऱ्याने रिकामी होणाऱ्या टाकीसारखा बफर (सॅम्पलचा तात्पुरता साठा) हळूहळू आटतो आणि तळ गाठताच खटका येतो. महागड्या उपकरणाचेही घड्याळ स्वतंत्रच असते, तेव्हा तो खर्च निव्वळ वाया गेला असता.

फ्लोग्राफमध्ये (जीएनयू रेडिओतल्या ब्लॉकांच्या जोडणीत) थ्रॉटल, म्हणजे सॅम्पलचा वेग आवरणारा, ब्लॉक घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण प्रत्यक्ष उपकरण जोडलेले असताना त्यामुळे वेगाचे आणखी एक बंधन तेवढे वाढते. त्याऐवजी मी रीसॅम्पलरचे (सॅम्पलचा वेग बदलणाऱ्या ब्लॉकचे) गुणोत्तर किंचित वाढवून 48 हजारांपेक्षा थोडी जास्त सॅम्पल तयार करतो आणि ऑडिओ सिंकमधला (साउंडकार्डाला आवाज पुरवणाऱ्या ब्लॉकमधला) ‘ओके टू ब्लॉक’, म्हणजे जागा होईपर्यंत थांबण्याचा, पर्याय बंद ठेवतो, म्हणजे जास्तीची सॅम्पल गळून जातात. खटका पूर्ण गेलेला नाही, पण तो आता क्वचितच जाणवतो. रेकॉर्डिंगसाठी मात्र मी साउंडकार्ड वगळून थेट वेव्ह फाइलमध्ये लिहितो. तिथे घड्याळ एकट्या डोंगलचेच असल्यामुळे हा खटका मुळात उद्भवतच नाही.