सशाच्या दातांपासून वायर आणि फर्निचर वाचवणारा माल: लोहार चाळीतून काय आणावं, काय आणू नये

घरात ससा मोकळा फिरणार असेल, तर पेट शॉपच्या आधी लोहार चाळीत, म्हणजे मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात जावं. वायरींसाठी लागणारं जवळजवळ सगळं तिथे मिळतं. फर्निचरसाठी लागणारा ॲल्युमिनियमचा अँगल (काटकोनी पट्टी) आणि जाळी शेजारच्या नागदेवी स्ट्रीट आणि नारायण धुरू स्ट्रीटवर मिळते. मशीद किंवा सीएसएमटी स्टेशनातून चालत जाता येतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात.

माल निवडताना एकच गोष्ट बघायची, ती म्हणजे दाताला कड कुठे सापडते. सशाचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, वरचे आठवड्याला साधारण 2 मिलिमीटर. त्यामुळे तो कुरतडणं सोडणार नाही. पण त्याचं तोंड फार उघडत नाही. सपाट किंवा मोठ्या गोल, गुळगुळीत पृष्ठभागावर त्याचे दात घसरतात. कोपरा, चीर, खाच किंवा सुटलेलं टोक मिळालं की मात्र काम झालंच. खालचं प्रत्येक मत याच कसोटीवर दिलं आहे.

वायरींवरचं आवरण

सगळ्यात जास्त विकलं जातं ते स्पायरल, म्हणजे वायरीभोवती गुंडाळायची प्लास्टिकची पट्टी. टेबलामागच्या वायरी नीट बांधायला ती चांगली, सशासाठी घेऊ नये. तिला दर सेंटिमीटरला एक कड आहे, आणि वायर वाकली की वेढ्यांमध्ये फट पडून आतली वायर उघडी दिसते. कापडी जाळीदार स्लीव्हचंही तेच. तिचे धागे तुटून पोटात जातात, आणि सशाला उलटी करता येत नाही हे विसरू नये.

दुसऱ्या क्रमांकावर खाचांचा फ्लेक्सिबल पाइप येतो. वायरमन पटकन हाच सुचवतो, कारण तो वळतो आणि मीटरवर कापून मिळतो. प्रौढ, शांत सशासमोर तो काही महिने टिकतो. चार-सहा महिन्यांच्या वयात आलेल्या सशासमोर त्याचा भरवसा धरू नये. त्याच्या खाचा म्हणजे दातांसाठी तयार पायऱ्याच. सोफ्यामागे किंवा फ्रिजमागे, जिथे ससा पोहोचला तरी तोंड फिरवायला जागा नाही, तिथे तो चालेल.

आमची पसंती 25 मिलिमीटरच्या गुळगुळीत पीव्हीसी कंड्युट पाइपला. आयएसआय मार्क बघून, लाइट न घेता मीडियम घ्यावा. हेवी आणखी मजबूत असतो, पण घरच्या घरी चिरताना घाम निघतो. 20 मिलिमीटरचा स्वस्त पडतो, तरी 25चा घ्यावा, कारण जाड पाइप सशाच्या तोंडात मावत नाही. एक नळी 3 मीटरची येते. लोकलने जायचं असेल तर दुकानातच 1 मीटरचे तुकडे करून घ्यावेत आणि जोडायला कपलर विसरू नयेत.

खरी अडचण प्लगची. वायरीला साच्यातच जोडून आलेला तीन पिनांचा प्लग या पाइपातून जात नाही. एक मार्ग म्हणजे पाइप लांबीने चिरायचा. जमिनीवर दोन विटांमध्ये पाइप पक्का धरावा, पेनाने सरळ रेघ मारावी आणि हॅक्सॉ ब्लेडने सावकाश चिरत जावं. चिरेच्या दोन्ही कडा कानसने घासाव्यात, नाहीतर त्याच वायरीला कापतात. मग वायर आत दाबून बसवावी आणि दर 15 सेंटिमीटरला केबल टाय आवळावा. चीर आणि टायची डोकी दोन्ही भिंतीकडे हवीत. हे चुकलं तर बाकी सगळी मेहनत फुकट, कारण ससा चीरच शोधून काढतो.

दुसरा मार्ग म्हणजे प्लग कापून वायर अखंड पाइपातून ओवायची आणि नवा प्लग लावायचा. हे वायरमनकडूनच करून घ्यावं आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची वायर नक्की जोडली आहे ना ते समोर उभं राहून बघावं. वॉरंटी चालू असलेल्या वस्तूचा प्लग कापू नये.

पाइप मधल्या भागात टिकतो, हार खातो ती टोकांना. वायर पाइपातून बाहेर पडते ती शेवटची 5-7 सेंटिमीटर लांबी बहुतेक घरांत उघडीच राहते. पाइपचं टोक थेट फर्निचरच्या मागे किंवा जमिनीपासून 75 सेंटिमीटर वर नेऊन संपवावं. मागच्या पायांवर उभा राहिलेला मध्यम आकाराचा ससा 60 सेंटिमीटरपर्यंत सहज पोहोचतो. शेजारी स्टूल किंवा गादी असेल तर ती उंची त्यात धरावी.

एका पाइपात वायरी कोंबू नयेत. निम्म्याहून जास्त पाइप रिकामा राहिला पाहिजे, म्हणजे उष्णता साठत नाही. गिझर, इस्त्री, एसी अशा जास्त करंट ओढणाऱ्या वस्तूंची वायर इतरांसोबत एका पाइपात घालू नये. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवूच नये. टीव्ही युनिटच्या मागच्या बाजूला वरच्या भागात तो स्क्रूने पक्का करावा.

केसिंग पट्टी

भिंतीला लागून जाणाऱ्या वायरींसाठी केसिंग पट्टी, म्हणजे झाकण असलेली प्लास्टिकची पोकळ पट्टी, दिसायला सगळ्यात नीटस. 2 मीटरच्या लांबीत येते. चौकोनी कोपऱ्याची पट्टी न घेता गोलसर खांद्याची मागावी, नाहीतर वरची कड कानसने बोथट करून घ्यावी. झाकण दाबून बघावं. बोटाने सहज निघालं तर सशाच्या दातानेही निघेल.

मुंबईत या पट्टीची फजिती डबल टेपमुळे होते. डिस्टेंपरच्या भिंतीवर टेप पावसाळ्याच्या दमटपणात रंगासकट सुटून येते. स्वतःचं घर असेल तर 6 मिलिमीटरचं भोक, वॉल प्लग आणि स्क्रू, दर 45 सेंटिमीटरला एक. भाड्याच्या घरात भोकं पाडता येत नसतील तर पट्टी भिंतीवर न लावता स्कर्टिंगच्या टाइलवर लावावी. टाइल स्पिरिटने पुसून कोरडी केली की टेप तिथे घट्ट धरते. पट्टीची खालची कड फरशीला अगदी टेकलेली असावी.

राउटरची पांढरी फायबर केबल बहुतेक जण धोक्यात धरत नाहीत, कारण तिच्यात वीज नसते. पण आत काचेचा तंतू असतो, तोंडात आणि पोटात जाऊ नये असा. ती केसिंगमध्ये घालावी, मात्र काटकोनात मोडू नये. कोपऱ्यावर मोठं वळण ठेवलं नाही तर नेट जातं. मोबाइल चार्जरच्या 5 व्होल्टच्या वायरीने शॉक बसत नाही, तरी तांब्याचे तुकडे गिळले जातातच. त्या वापर झाला की उचलून ठेवाव्यात. त्यांच्यावर पैसे खर्च करू नयेत.

फर्निचर

मुंबईच्या फ्लॅटमध्ये एक फायदा आहे. स्कर्टिंग टाइलचं असल्यामुळे भिंतीची खालची कड वाचते. उरतात त्या लाकडी चौकटी, पलंग, कपाटं आणि सोफा. प्लायवूडचा धोका कडेला असतो. सनमायकाच्या सपाट भागावर दात लागत नाहीत, पण एज बँडची पट्टी एकदा सुटली की आतले थर पापुद्र्यासारखे निघतात, आणि त्या थरांमध्ये डिंक असतो. जुन्या इमारतीतल्या चौकटींवर तर कित्येक वर्षांच्या ऑइल पेंटचे थर असतात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तिथे आधी झाकावं.

यावर ॲल्युमिनियमचा एल अँगल, 1 इंच बाय 1 इंच, हा सगळ्यात चांगला माल आहे आणि सुताराची गरजही पडत नाही. हव्या लांबीचे तुकडे कापून घ्यावेत, कापलेली टोकं कानसने गोल करावीत, कड पुसून सिलिकॉनने चिकटवावेत आणि मास्किंग टेपने रात्रभर दाबून ठेवावेत. सिलिकॉन सुकायला 24 तास द्यावेत, तोवर ससा दुसऱ्या खोलीत. चौकटीवर 60 सेंटिमीटर उंचीपर्यंत अँगल पुरतो. प्लास्टिकचे पारदर्शक कॉर्नर गार्ड लहान मुलांसाठी ठीक आहेत. ते मऊ असतात, ससा ते एका दुपारीत सोलतो.

टेबल-खुर्चीच्या गोल पायांना पायापेक्षा जरा मोठा पीव्हीसी पाइप लांबीने चिरून कडीसारखा बसवावा. सुतळी किंवा काथ्या गुंडाळायचा सल्लाही दिला जातो. गाठ वर, पोहोचीबाहेर बांधली आणि धागे लोंबू लागले की लगेच बदललं तरच तो मान्य करावा.

सोफ्याची खालची बाजू बघितल्याशिवाय घर तयार झालं असं म्हणू नये. तिथे स्टेपल मारलेलं पातळ काळं कापड असतं. ससा ते फाडून आत शिरतो, फोम खातो, आणि सोफ्यावर कोणी बसलं तर चिरडलाही जाऊ शकतो. सोफा उलटा करून अर्धा इंच बाय अर्धा इंच वेल्ड मेश जाळी यू खिळ्यांनी लाकडी फ्रेमला ठोकावी. जाळीची कापलेली टोकं आत मुडपावीत. सोफ्याखाली जायचा रस्ताच बंद करायचा असेल तर 12 मिलिमीटर प्लायची पट्टी उभी लावून तिच्या वरच्या कडेला अँगल लावावा.

बाल्कनीतली कबुतरांची जाळी आणि खिडकीची मच्छरजाळी नायलॉनची असते. सशासाठी ती नसल्यासारखीच. खालच्या 75 सेंटिमीटरला स्टीलची जाळी हवी.

ज्यावर पैसे घालू नयेत

कडू स्प्रे. मेथी आणि कडसर पाला आवडीने खाणाऱ्या प्राण्याला कडू चवीची फारशी भीती नसते. वास काही दिवसांत उडतो आणि प्लगजवळ ओलावा राहतो तो वेगळाच. मिरचीची पूड डोळ्यांत आणि नाकात जाते. कपाटामागे डांबरगोळ्या ठेवणं तर थेट विषबाधेला बोलावणं आहे. बामसुद्धा लावू नये.

त्याऐवजी चावायला हक्काचं काहीतरी द्यावं: भरपूर सुकं गवत, औषध न मारलेल्या पेरूच्या, तुतीच्या किंवा जास्वंदीच्या फांद्या. कण्हेर चुकूनही नको. नसबंदी केलेले ससे कमी कुरतडतात आणि कमी उकरतात.

आरसीसीबी

जुन्या मुंबईतल्या अनेक घरांत फ्यूज किंवा नुसता एमसीबी असतो. तो वायरीला वाचवतो, जिवाला नाही. 30 मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत जाऊ लागला की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्यावा आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबावं. पण तो असला म्हणून आवरणं काढू नयेत. सशाचे दात एकाच वेळी फेज आणि न्यूट्रलला लागले आणि करंट जमिनीत गेला नाही, तर आरसीसीबीला काहीच कळत नाही.

वायर चावलेला ससा निपचित दिसला तर आधी मेन स्विच बंद, मगच हात लावायचा. तो उठून नेहमीसारखा फिरू लागला तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. तोंडातली भाजलेली जागा बाहेरून दिसत नाही आणि फुप्फुसात पाणी काही तासांनंतरही होऊ शकतं. दुखण्यामुळे त्याने 10-12 तास काही खाल्लं नाही, तर आतडी थंडावतात आणि तीही तितकीच तातडीची वेळ असते.