ओकमाँट की डार्कवॉटर? कॉस्मिक हॉररचे दोन डिटेक्टिव्ह गेम आणि एकाचेच पैसे

सेल लागला की आमच्या लातूर-परभणी-नांदेडच्या मित्रमंडळीत एक प्रश्न हमखास निघतो. डिटेक्टिव्ह गेम पाहिजे, भीती पाहिजे, पण पांढऱ्या साडीतल्या भुताची नको. आपण या विश्वात कोणीच नाही, ही जाणीव करून देणारी पाहिजे, म्हणजेच कॉस्मिक हॉरर. मग घ्यायचा कोणता, ‘द सिंकिंग सिटी’ की ‘कॉल ऑफ क्थुलू’?

दोन्ही गेम एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०-१९३७) या अमेरिकन लेखकाच्या कल्पनाविश्वातून आलेले. दोन्हींत १९२० चं दशक, मॅसॅच्युसेट्सचा किनारा, पहिल्या महायुद्धातून मनानं मोडून परतलेला खाजगी गुप्तहेर आणि त्याला दिसणारी नको ती स्वप्नं. वरून बघितलं तर जुळी भावंडं, पण खेळायला बसलं की गोत्रच वेगळं लागतं. लोकांची मतं उलटसुलट येतात ती त्यामुळेच. एक जण सांगतो, असा तपास दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये नाही. दुसरा त्याच गेमबद्दल विचारतो, “कामून घ्यायला लावला बे हा?” म्हणून मी हल्ली कुणी किती तारे दिले ते बघत नाही. तक्रार नेमकी कशाची आहे, तेवढं वाचतो. एकाला ज्याचा कंटाळा आला तेच दुसऱ्याला हवं असतं, हे या दोन गेमइतकं क्वचितच कुठं दिसेल.

‘द सिंकिंग सिटी’ २०१९ चा, युक्रेनच्या फ्रॉगवेअर्सचा. ही मंडळी वर्षानुवर्षं शेरलॉक होम्सचे गेम करत आलेली, त्यामुळे तपास हा त्यांचा घरचा धंदा. नायक चार्ल्स रीड ओकमाँट नावाच्या काल्पनिक शहरात उतरतो. शहर अर्धं पाण्यात आहे, निम्म्या रस्त्यांवरून बोटीनंच जावं लागतं आणि लोकांना वेड लागत चाललंय.

गेमचं वैशिष्ट्य एकच, आणि भांडणही त्यावरूनच. कुठं जायचं त्याचा बाण तो तुम्हाला दाखवत नाही. कागदावर फक्त पत्ता असतो: अमुक माणूस, तमुक भाग, हा रस्ता, त्या दोन रस्त्यांच्या मधे. नकाशा उघडायचा, ॲडव्हेंट कुठं, सॅल्व्हेशन हार्बर कुठं, कव्हरसाइड कुठं ते शोधायचं, खूण आपल्या हातानं लावायची आणि निघायचं. पत्ताच नसेल तर दप्तरखाना गाठायचा. पोलीस ठाणं, दवाखाना, वाचनालय, नगरपालिका, वर्तमानपत्राचं कार्यालय, प्रत्येकाकडचं रेकॉर्ड वेगळं. गोळी लागलेला माणूस हुडकायचा असेल तर दवाखान्यात जावं लागेल, हे तुम्हाला सुचलं पाहिजे. मग नोंद कोणत्या काळातली, शहराच्या कोणत्या भागातली, कशाबद्दलची, हे ठरवून शोध घ्यायचा. निवड चुकली तर काहीच हाती येत नाही, आणि काय चुकलं तेही कोणी सांगत नाही.

मराठवाड्यातल्या माणसाला हा भाग शिकवावा लागत नाही. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या निमित्तानं निजामकालीन दप्तरं उघडली गेली आणि उर्दू-मोडीतल्या कुणबी नोंदी शोधायला जिल्ह्याजिल्ह्यांत लोक बसले. पणजोबांचं गाव तेव्हा कोणत्या तालुक्यात होतं हे माहीत नसेल, तर गठ्ठा समोर असून उपयोग नाही, हे इथं घरोघरी कळलं. ओकमाँटचा दप्तरखाना नेमका त्या जातीचा आहे. माझ्या ओळखीत ज्यांना हा गेम आवडला, त्यांना तो याच भागासाठी आवडला, राक्षसांसाठी नाही. आणि ज्यांनी तो टाकून दिला, त्यांनीही याच भागापाशी टाकला. “दिवसभर ऑफिसात फायली, रात्री परत फायली?” असं बँकेत काम करणारा एक मित्र म्हणाला, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सगळे पुरावे शेवटी ‘माइंड पॅलेस’ नावाच्या पानावर येतात. तिथं दोन दुवे जोडले की निष्कर्ष निघतो. कित्येकदा त्याच पुराव्यांतून दोन निष्कर्ष निघतात आणि गेम खरा कोणता ते सांगत नाही. दोष कुणाच्या माथी मारायचा, कुणाला जाऊ द्यायचं, हे तुमच्या जिवावर. मला हे फार आवडलं. पण एक तक्रार सगळीकडे ऐकू येते आणि ती खरी आहे: एवढा घाम गाळून घेतलेल्या निर्णयाचे पडसाद पुढं फारसे उमटत नाहीत. ज्याला सोडलं तो कुठंतरी एखादं वाक्य बोलतो, संपलं.

आता वाईट बाजू, आणि ती लहान नाही. बंदूक चालवताना रीडचे हात लाकडाचे वाटतात. राक्षसांचे प्रकार मोजके, आणि काही तासांनी त्यांची भीती न वाटता कटकट वाटू लागते. शहरात पैसा चालत नाही, बंदुकीच्या गोळ्याच चलन म्हणून चालतात. म्हणजे झाडलेली प्रत्येक गोळी खर्चात धरायची. कल्पना झकास. पण सामान जमवून गोळ्या स्वतः बनवता येतात, त्यामुळे तंगीची धार राहत नाही. सगळ्यात जास्त बोलणी खातात ती घरं. दार वेगळं, गल्ली वेगळी, आत गेलं की तोच जिना, तीच खोली, तोच कोपऱ्यातला पलंग. काही जण म्हणतात, वेड लागत चाललेल्या शहराला ते शोभतंच. मला ती पळवाट वाटते, घरं कमी बनवली एवढंच.

पाण्याचं म्हणाल तर एक गंमत. बुडालेल्या रस्त्यांची भीती वाटावी अशी गेमची अपेक्षा आहे. पण ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तिथल्या पोराच्या तोंडून पहिल्यांदा निघतं ते “एवढं पाणी!” सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर मात्र तो विनोद आमच्यात कुणी केला नाही. त्यानंतर ज्यांनी गेम सुरू केला, त्यांना भिंतीवरची ओल आणि दारातली होडी जास्त लागली.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल आपल्याकडे कमी बोललं जातं. लव्हक्राफ्टच्या लेखनातला वंशद्वेष लपलेला नाही. परक्या रक्ताची, ‘मिसळलेल्या’ माणसांची किळस हाच त्याच्या काही कथांमधल्या भीतीचा पाया आहे. ‘सिंकिंग सिटी’ सुरुवातीलाच सूचना देतो की त्या काळातला भेदभाव आम्ही झाकलेला नाही. आणि खरंच, शेजारच्या इन्समाउथ गावातून आलेल्या निर्वासितांना ओकमाँटचे लोक ज्या नजरेनं बघतात, ज्या शब्दांत बोलतात, ते गेममध्ये पदोपदी आहे. १९७८ ते १९९४ या नामांतराच्या काळात कुणाच्या वस्त्या जळाल्या हे ज्या प्रदेशाला ठाऊक आहे, तिथल्या खेळाडूला हा भाग नुसती सजावट वाटणार नाही. गेम हा विषय उचलतो याचं श्रेय द्यायला हवं. पण त्याच निर्वासितांचे चेहरे माशासारखे काढून तो पुन्हा जुन्या किळसेचाच आधार घेतो, हे मला खटकलं. ‘कॉल ऑफ क्थुलू’ या वाटेला फारसा जातच नाही.

तो गेम २०१८ चा, फ्रान्सच्या सायनाइड स्टुडिओचा. त्याचं मूळ केओसियम कंपनीच्या १९८१ च्या टेबलावर बसून खेळायच्या भूमिका-खेळात आहे, आणि ते जाणवतं. साल १९२४. बोस्टनमधला एडवर्ड पियर्स दारू आणि झोपेच्या गोळ्यांवर दिवस काढतोय. सारा हॉकिन्स नावाची चित्रकार डार्कवॉटर बेटावरच्या हवेलीत आगीत कुटुंबासह गेली. तिचे वडील तिनं काढलेलं एक विचित्र चित्र घेऊन त्याच्याकडे येतात. पियर्स बेटावर उतरतो, आणि तिथून गोष्ट तुमचं बोट धरून चालते.

हा फरक लक्षात ठेवा. ओकमाँटमध्ये रस्ता तुम्ही शोधता, डार्कवॉटरमध्ये तो आखलेला आहे. इथं मोकळं शहर नाही, एकामागून एक प्रकरणं आहेत. तुमच्या हातात असतं ते पियर्सला काय येतं हे ठरवणं. बोलण्यातली हातोटी, ताकद, दडलेलं हेरायची नजर, माणूस ओळखणं, तपास, यांवर गुण खर्च करायचे. वैद्यक आणि गूढविद्या मात्र सुरुवातीनंतर गुणांनी वाढत नाहीत, त्यासाठी पुस्तकं आणि वस्तू हुडकाव्या लागतात. ही मला फार चतुर सोय वाटते, कारण जितकं जास्त समजून घ्याल तितका पियर्सच्या डोक्याचा तोल जातो. अर्धवट येणारं कौशल्य वापरलं तर जमेल की नाही हे नशिबावर. कौशल्य कमी पडलं म्हणून एखादं संभाषण कायमचं बंद होतं तेव्हा चिडचिड होते, पण दुसऱ्यांदा खेळायची इच्छाही तिथंच होते. शेवट एकाहून जास्त आहेत, आणि तुमच्या वाट्याला कोणते येतील ते वाटेत केलेल्या साध्या वाटणाऱ्या गोष्टींवरही ठरतं.

खेळाडू तक्रार करतात ती मुख्यतः तीन गोष्टींची. चेहरे आणि ओठांची हालचाल २०१८ च्या मानानंही कच्ची. लपतछपत जायचे प्रसंग कंटाळवाणे. आणि हवेलीच्या चित्रदालनातला तो प्रसंग, जिथं चित्रातून बाहेर आलेल्या प्राण्यापासून जीव वाचवत योग्य खंजीर शोधायचा असतो. मरा, पुन्हा सुरू करा, पुन्हा मरा. पहिल्या मरणाला अंगावर काटा येतो, नंतर नुसता वैताग. शेवटाकडे बंदूक हातात येते तीही उगाच. पण हे सगळे प्रसंग लवकर सरतात. ‘सिंकिंग सिटी’तली लढाई मात्र शेवटपर्यंत पाठ सोडत नाही.

भीतीच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: ‘कॉल ऑफ क्थुलू’ जास्त घाबरवतो. मधल्या इस्पितळाच्या प्रकरणात कशावर विश्वास ठेवावा तेच कळेनासं होतं, आणि कॉस्मिक हॉररचं काम तेच असतं. ‘सिंकिंग सिटी’ अस्वस्थ करतो, पण घाबरवत नाही. डिटेक्टिव्हपणाच्या बाबतीत तो पुढं आहे, आणि बराच पुढं.

आता व्यवहाराचं. दोन्हींत मराठी किंवा हिंदी नाही, इंग्रजीच. त्यातही ‘सिंकिंग सिटी’त वाचन प्रचंड: पत्रं, रोजनिशी, बातम्यांची कात्रणं. इंग्रजी सबटायटल वाचताना दमछाक होत असेल तर ‘कॉल ऑफ क्थुलू’ सोपा जाईल, तिथं बोलणं जास्त आणि वाचन कमी. लॅपटॉप साधा असेल तरी त्याचंच पारडं जड, तो तुलनेनं हलका आहे. ‘सिंकिंग सिटी’ची २०२५ ची नवी आवृत्ती अनरियल इंजिन ५ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर आहे आणि जुन्या आवृत्तीपेक्षा बरंच तगडं मशीन मागते. मे महिन्यात पंख्याखाली लॅपटॉप तापवायचा असेल तर हे आधी बघा. लाईट जाते त्या वेळेचा प्रश्नही आहेच. ‘कॉल ऑफ क्थुलू’ ठरावीक ठिकाणी आपोआप सेव्ह होतो, त्यामुळे बॅटरी मेलेली असेल आणि इन्व्हर्टर नसेल तर एखादा प्रसंग पुन्हा खेळायची तयारी ठेवा.

‘सिंकिंग सिटी’बद्दल जुनी मतं वाचताना आणखी एक ध्यानात घ्या. फ्रॉगवेअर्स आणि प्रकाशक नॅकॉन यांच्यात हक्कांवरून मोठा वाद झाला. २०२० मध्ये गेम बऱ्याच दुकानांतून काढला गेला, २०२१ मध्ये स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावरच्या प्रतीवरून पुन्हा खडाजंगी झाली आणि २०२४ मध्ये प्रकाशनाचे हक्क फ्रॉगवेअर्सकडे आले. त्या काळात दिलेले कित्येक वाईट शेरे गेमवर नसून त्या भांडणावर आहेत.

दोन्ही नको वाटत असतील तर तिसरा पर्याय फ्रॉगवेअर्सचाच ‘शेरलॉक होम्स: द अवेकन्ड’, २०२३ चा. स्वतःच्याच जुन्या गेमची ही नवी मांडणी त्यांनी देशात युद्ध चालू असताना पूर्ण केली. तरुण होम्स आणि वॉटसन, लंडनपासून न्यू ऑर्लिन्सपर्यंतचा पाठलाग आणि मागे तोच क्थुलू, लव्हक्राफ्टचा समुद्रातला देव. मारामारी जवळपास नाहीच. घरात होम्सची मराठी भाषांतरं वाचून वाढलेल्यांना मी आधी हाच सांगतो. भीती मात्र बेताची, आणि होम्स वेडा होतोय हे पटायला जरा वेळ लागतो.

माझी शिफारस विचाराल तर, कोडं सुटेपर्यंत झोप न येणाऱ्यांनी ओकमाँटला जावं. दिवसभराच्या कामानंतर दोन तास गोष्टीत बुडायचं असेल तर डार्कवॉटर. स्टीमवर घेतलात तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळून झालं असेल तर पैसे परत मागता येतात. ‘सिंकिंग सिटी’चे ते दोन तास बोटीतून भटकण्यात घालवू नका. सुरुवातीला लढाई आणि तपास यांची काठिण्यपातळी वेगवेगळी ठरवता येते, त्यात लढाई सगळ्यात सोपी ठेवा आणि तपास अवघड. बंदरावरची पहिली केस उरका आणि तडक एखाद्या दप्तरखान्यात जा. तिथं पहिली नोंद सापडल्यावर बरं वाटलं तर गेम ठेवा, जांभई आली तर त्याच रात्री पैसे परत मागा.