प्रभात रोडचं टॅक्टिक्स सेशन: जावं का? जावंच

पुण्यात प्रभात रोडला एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर रविवारी सकाळी फुटबॉल टॅक्टिक्सचं सेशन असतं, फी भरायची आणि दोन तास क्लिप्स थांबवून थांबवून चर्चा. या वेळचा विषय, छोट्या लीगमध्ये गाजलेला मॅनेजर मोठ्या लीगमध्ये चालेल का हे तो यायच्या आधीच कसं ओळखायचं.

घेणारा दादा भारी आहे. ट्रॉफ्या मोजत बसत नाही, त्याचा प्रश्न एकच, टीम जिंकतेय ती मॅनेजरच्या डावपेचांमुळे की समोरचे मागे बसतात, म्हणजे आपल्याच गोलसमोर गर्दी करून नुसता बचाव करतात म्हणून? स्कॉटलंडच्या सेल्टिकहून इंग्लंडच्या टॉटनहॅमला आलेला मॅनेजर पोस्टेकोग्लू, त्याचं उदाहरण तर फार छान उलगडलं त्याने. स्कॉटलंडमध्ये सेल्टिकसमोर बहुतेक टीम्स मागेच बसतात त्यामुळे हाय लाइनच्या (डिफेंडर्सची रांग आपल्या गोलपासून खूप पुढे ठेवायची) मागच्या मोकळ्या जागेत कोणी फारसं घुसतच नाही, आणि तोच माणूस टॉटनहॅमला आल्यावर नोव्हेंबर 2023 मध्ये चेल्सीविरुद्ध दोन रेड कार्डनंतर नऊ जण उरले तरी लाइन जवळपास मैदानाच्या मध्यरेषेला, 4-1 हरले. पुढच्या सीझनला लीगमध्ये 20 टीम्समध्ये 17वे. पण त्याच सीझनला युरोपा लीग (युरोपातल्या क्लबांची दोन नंबरची स्पर्धा) जिंकली ना, असं एकाने विचारलं तर दादाने ती फायनलच लावली, त्यात टॉटनहॅम स्वतःच मागे बसून 1-0 जिंकलंय!

कमी वाटलं ते अमोरिमच्या भागात, म्हणजे पोर्तुगालच्या स्पोर्टिंगहून मँचेस्टर युनायटेडला आलेला मॅनेजर. दादा म्हणतो छोट्या क्लबच्या युरोपातल्या, म्हणजे दुसऱ्या देशांच्या क्लबांशी होणाऱ्या मॅचेस बघा, तिथे खरं कळतं. अरे पण स्पोर्टिंगने नोव्हेंबर 2024 मध्ये मँचेस्टर सिटीला 4-1 हरवलं होतं की, आणि त्याच महिन्यात तो युनायटेडला आला, तर त्या सीझनला लीगमध्ये त्याच्या 27 मॅचमध्ये 27 पॉइंट (एक मॅच जिंकली की तीन मिळतात). म्हणजे नुसत्या युरोपावर भागत नाही, नवीन क्लबकडे माणसं कोण आहेत ते बघायलाच हवं. त्याच्या 3-4-3 ला (तीन डिफेंडर, मध्ये चार, पुढे तीन) दमदार विंगबॅक, म्हणजे कडेने पूर्ण मैदानभर वर-खाली धावणारे लागतात, युनायटेडचा स्क्वाड चार डिफेंडरच्या खेळासाठी जमवलेला, वर मिडफील्डच्या मधोमध दोघंच त्यामुळे तिथे सारखे कमी पडायचे. नेदरलँड्सहून आलेल्या स्लॉटला मात्र लिव्हरपूलमध्ये आधीचा मॅनेजर क्लॉपची तयार टीम मिळाली, ग्राव्हेनबर्खला त्याने सहा नंबरला, म्हणजे डिफेंडर्सच्या लगेच पुढे मिडफील्डला खेळवलं आणि 2024-25 ची लीग मारली. हे सगळं शेवटी घाईत उरकलं, अर्धं सेशन यालाच द्यायला हवं होतं.

बाकी प्रोजेक्टर अंधुक आहे, पुढच्या रांगेत बसा. कॉफी ठीक. चारचाकी नेऊ नका, पार्किंग नाहीये. पुढचं सेशन आपल्याकडच्या आय-लीगमधून मोठ्या आयएसएलला (इंडियन सुपर लीग) गेलेल्या कोचेसवर घ्या असं मी सांगून आलोय, घेतलं तर नक्की जाणार.