बॅरलवरचं नाव वाचून रायफल घेतली आणि फसलो

शिकारीसाठी जुनी रायफल घ्यायच्या विचारात असाल तर पैसे हातावेगळे करण्याआधी हे वाचा. माझे गेले ते गेले. पण ही रायफल पारखून न घेता मी तशीच रानात नेली असती, तर एखादं हरीण पोटात गोळी घेऊन कुठेतरी झाडीत तडफडत पडलं असतं. त्या विचाराने आजही झोप उडते.

मला हरणासाठी कमी धक्क्याची आणि १०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) गोळी नीट फेकणारी रायफल हवी होती. विक्रेत्याने दाखवली ती रेमिंग्टनची मॉडेल ७२२. बॅरलवर, म्हणजे नळीवर, ‘६ एमएम रेमिंग्टन’ असं काडतुसाचं नाव कोरलेलं. ट्विस्ट (नळीतल्या खाचांचा पीळ) ९ इंचांचा, बॅरल मूळची, कुणाचा हातही लागलेला नाही, असं त्याने ठामपणे सांगितलं. सोबत निशाण्याचा कागद होता, त्यावर पाच छिद्रं एकमेकांना चिकटून. माणूस मोजकं बोलणारा, माल गळ्यात मारायची घाई नाही. त्यामुळेच माझा विश्वास बसला. परवान्याचे कागद रीतसर झाले आणि रायफल घरी आली.

१०० यार्डांवर पहिल्या पाच गोळ्या झाडल्या आणि कागदाजवळ गेलो. पाच छिद्रं ताटाएवढ्या जागेत विखुरलेली. त्यातली दोन गोल नव्हती, चावी घालायच्या भोकासारखी लांबट होती आणि एका कडेला गोळीच्या अंगाचा काळपट ठसा उमटला होता. गोळी टोकाने नाही, तिरकी होऊन कागदात शिरली होती. दुर्बिणीचे स्क्रू आवळले, दुसऱ्या खोक्यातली काडतुसं घेतली, नळी साफ केली. फरक शून्य. मग ७५ ग्रेनची काडतुसं लावली, तर पाचही गोळ्या एका जागी. विक्रेत्याचा तो सुंदर कागद कोणत्या गोळीने काढला असेल, हे तिथेच लक्षात आलं.

९ इंचांचा ट्विस्ट म्हणजे ९ इंच पुढे जाताना गोळी स्वतःभोवती एक पूर्ण फेरी घेते. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट लागतो. खोक्यावर आपण वजन वाचतो, पण पीळ ठरतो लांबीवर. ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञाचं १८७९ चं सूत्र आजही अंदाजाला पुरतं: व्यासाच्या वर्गाला १५० ने, वेगवान गोळीसाठी १८० ने गुणायचं आणि लांबीने भागायचं. ०.२४३ इंच व्यासाची, इंचभर लांबीची टोकदार गोळी धरली तर उत्तर येतं साधारण साडेदहा. म्हणजे १२ इंचांचा सैल पीळ तिला सावरू शकत नाही.

आणि माझा पीळ १२ चाच निघाला. घरी मोजायला पाच मिनिटं लागतात. मूठ मोकळी फिरणाऱ्या साफसफाईच्या गजाला घट्ट चिंधी लावायची, गज नळीत ढकलायचा, त्याच्या वरच्या अंगाला शाईचा ठिपका द्यायचा आणि सावकाश बाहेर ओढायचा. ठिपका फिरून पुन्हा वर येईपर्यंत गज किती सरकला, तोच तुमचा ट्विस्ट. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा १२.

यामागचा इतिहास मला आधी ठाऊक असता तर मी फसलो नसतो. रेमिंग्टनने १९५५ मध्ये .२४४ रेमिंग्टन हे काडतूस आणलं, ७५ आणि ९० ग्रेनच्या गोळ्यांसाठी, १२ इंचांच्या पिळासह. त्याच वर्षी आलेल्या .२४३ विंचेस्टरचा पीळ १० इंचांचा होता. ती १०० ग्रेनची गोळी नीट फेकायची, म्हणून हरणाच्या शिकाऱ्यांनी तीच उचलली. पुढे १९६३ मध्ये रेमिंग्टनने तेच काडतूस ९ इंचांच्या पिळासह ‘६ एमएम रेमिंग्टन’ या नव्या नावाने विकायला काढलं. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, तोच, त्यामुळे एकाचं काडतूस दुसऱ्यात आरामात बसतं आणि संशय येत नाही. पण ७२२ ही १९६२ च्या मॉडेल ७०० च्या आधीची रायफल. तिच्या मूळ बॅरलवर १९६३ चं नाव येईलच कसं?

भिंग घेऊन बसलो. ‘६’ चा आकडा एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला उथळ, म्हणजे हाताने ठोकलेला. आजूबाजूचं पोलाद किंचित दबलेलं, जुनं नाव घासून काढल्यासारखं, आणि वरून ताजा काळा-निळा मुलामा. रेमिंग्टनच्या बॅरलवर महिना आणि वर्ष सांगणारी बारीक अक्षरं असतात. माझ्या बॅरलवर त्या जागी गुळगुळीत पोलाद होतं.

विक्रेत्याला फोन केला तर आधी म्हणाला, तुमचा हात हलतो. मग काडतुसं खराब असतील. तिसऱ्यांदा त्याने फोन उचललाच नाही. मूळ बॅरल, ९ इंच, हे सगळं तोंडी झालं होतं, लिहून काहीच घेतलं नव्हतं. ही माझी मोठी चूक. तुम्ही ट्विस्ट, बॅरल मूळची की बदललेली आणि कागदावरच्या गोळीचं वजन, हे सगळं विक्रेत्याकडून लेखी घ्या. तांब्याच्या, शिसं नसलेल्या गोळ्या वापरणार असाल तर जास्तच जपा. तेवढ्याच वजनाला त्या लांब असतात आणि पीळ आणखी घट्ट मागतात.

दुसरी रायफल पाहायला गेलो तेव्हा गज, चिंधी आणि माझी १०० ग्रेनची काडतुसं बरोबर नेली. ती विकणाऱ्या गृहस्थांनी स्वतःच बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) काढून रायफल माझ्यासमोर ठेवली. ठिपका ९ इंचांवर फिरून वर आला. मग आम्ही दोघं निशाण्यापर्यंत चालत गेलो आणि पाचही छिद्रं बोट फिरवून पाहिली. सगळी गोल होती.