पेटी आणि ‘ट्यूनिंग’ मिळून 40,250 रुपये गेले, फायरवॉल बॉक्स घेणाऱ्यांनो वाचा

सदाशिव पेठेत आमची अभ्यासिका आहे. वर घर, खाली मुलं. रात्री आठ वाजले की एमपीएससीची पोरं एकदम लेक्चर लावतात आणि नेट माना टाकतं. कनेक्शनबरोबर फुकट मिळालेल्या राउटरला हा लोड झेपणार नव्हता, म्हणून एका छोट्या संगणकावर पीएफसेन्स (संगणकाचा राउटर करणारं सॉफ्टवेअर) टाकून घरचाच फायरवॉल, म्हणजे नेटच्या दारातला पहारेकरी, करायचं ठरवलं. पार्ट्सची यादी माझी, जोडणी एका ‘नेटवर्किंगवाल्या’ची. ओळखीतून आलेला, गोड बोलणारा. पेटीचे 31,500 रुपये, त्यात ‘ओरिजिनल इंटेल आय350’ हे चार पोर्टचं नेटवर्क कार्ड 9,800 चं. पक्कं बिल हवं तर 18 टक्के वर. आता खरं सांगा, अशा वेळी किती जण पक्कं बिल मागतात?

पोर्ट नेमून द्यायची वेळ आली तेव्हा स्क्रीनवर पाच ओळी आल्या. आरई0 ते आरई4. ही ओळ ज्याला कळते त्याने इथेच कपाळावर हात मारला असेल. पीएफसेन्स ज्या फ्रीबीएसडी ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं तिच्यात इंटेलचं हे कार्ड आयजीबी नावाने दिसतं, आरई म्हणजे रिअलटेक ही दुसरीच कंपनी. मी विचारलंही, “आयजीबी कुठंय?” तर म्हणतो कसा, “काका, आरई म्हणजे राउटर इथरनेट. नव्या व्हर्जनला असंच दिसतं.” आणि तेवढ्यात एंटर मारून पुढे गेलासुद्धा! मदरबोर्डवरचं पोर्ट रिअलटेकचं असतं, एखादी आरईची ओळ दिसणारच, हे मला ठाऊक होतं. पण पाचच्या पाच? त्या पाच ओळी अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत.

त्याने दोन लॅपटॉप लावून मिनिटभर स्पीड दाखवला, 940 एमबीपीएसच्या आसपास. तो गेला आणि रात्री पोरं बसल्यावर पेटी आडवी. लॉगमध्ये एकच रड: ‘आरई1 वॉचडॉग टाइमआउट’ (म्हणजे पोर्ट अडकलं), लिंक डाऊन, लिंक अप. एका लॅपटॉपची फाइल ओढणं वेगळं आणि साठ पोरांच्या हजारो जोडण्या तासन्‌तास सांभाळणं वेगळं. डेमो घ्यायचाच तर गर्दीच्या वेळी घ्या, तोही दोन तास.

मग सुरू झालं ‘ट्यूनिंग’. 4,500 रुपयांत साहेबांनी एम-बफची (नेटवर्कसाठी राखलेल्या मेमरीची) मर्यादा दहा लाख केली आणि टीएसओ, एलआरओ (प्रोसेसरचं काही काम कार्डावर टाकायच्या सोयी) बंद केलं. या दोन सोयी पीएफसेन्समध्ये मुळातच बंद असतात, म्हणजे टिक असलेल्या चौकटीला मला टिक दाखवून पैसे घेतले. मग 1,250 ‘हीट प्रॉब्लेम’चे. मग 3,000 ‘डीप ट्यूनिंग’चे, आणि त्यानंतर खरंच जरा बरं चाललं. का, ते नंतर सापडलं. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामं करणाऱ्या यादीत) त्याने रोज पहाटे तीनला आणि संध्याकाळी सातला रीस्टार्ट टाकून ठेवला होता! तुमच्याकडे कुणी असं ‘स्टेबल’ करून दिलं असेल तर आधी क्रॉन उघडा.

शेवटी पेटी खोलून कार्डाच्या हीटसिंकवरचा (चिप थंड ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्यावरचा) इंटेलचा स्टिकर नखाने सोलला. खाली दुसराच स्टिकर, अर्धवट खरवडलेला. हीटसिंक काढला तर एका मोठ्या चिपच्या जागी चार बारक्या चिपा, प्रत्येकीवर रिअलटेकचं चिन्ह, खेकडा. कार्ड हातात येताच हे बघा. नाहीतर ‘पीसीआयकॉन्फ’ कमांड चालवा: 8086 आलं तर इंटेल, 10ईसी आलं तर रिअलटेक. अर्थात 8086 दाखवणारी नकली कार्डंही बाजारात आहेत, तेव्हा पक्क्या बिलाशिवाय घेऊच नका.

चौकीत गेलो. तिथला पोलीस म्हणतो, “काका, मशीन चालू होतंय ना? मग फसवणूक कसली? हे दिवाणी आहे, कोर्टात जा.” इंटेल सांगून दुसरंच विकणं ही फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेत कलम 318 आहे, ते कशाला आहे मग? पठ्ठ्याने कच्चं बिल उलटंपालटं करून “हा तर नुसता कागद आहे” म्हणून परत दिलं. ऑनलाइन गुन्ह्यांवाल्यांकडे गेलो, तर माल हातोहात घेतला म्हणजे हे ऑनलाइन नाही. अहो, पैसे तर यूपीआयने गेले! एका हेल्पलाइनवरच्या बाईंनी ‘व्यावसायिक वापर’ म्हणून फोनच ठेवला. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेला धंदा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वगळलेला नाही, हे ऐकायलाही कुणाला वेळ नाही. पोर्टलवरची तक्रार तर मला न विचारताच ‘निकाली’.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही आणि स्वतःच्या जिल्ह्यात तक्रार करता येते, तिथे कागद दिलेत. यूपीआयच्या नोंदी, कार्डाचे फोटो, “इंटेलच आहे काका” हा त्याचा मेसेज, सगळं जोडलंय. मेसेज पुसू नका, आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड कुणालाही देऊ नका, माझा अजून त्याच्याकडे होता.

आता बिलासकट घेतलेलं आय350 त्याच पेटीत बसवलंय. त्याची सगळी ‘ट्यूनिंग’ पुसली, क्रॉन काढला, पासवर्ड बदलला. पोरं रात्री लेक्चर बघतात, पेटी पडत नाही. त्याचा फोन मात्र बंद लागतो.