प्रवासी भारतीय बीमा योजना: मरणाची सोय आहे, आजारपणाची अपुरी

पासपोर्टवर ईसीआर (परदेशी कामाला जाण्यापूर्वी सरकारी तपासणी आवश्यक) अशी नोंद असलेल्या, म्हणजे बहुधा दहावी पास न झालेल्या माणसाला आखातात मजुरीला जाण्यापूर्वी ही पॉलिसी घ्यावीच लागते. चिपळूणहून दुबईला शटरिंगच्या कामावर गेलेल्या माझ्या मामेभावाची पॉलिसी मी दोन वर्षे सांभाळली, त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

दोन वर्षांना २७५ किंवा तीन वर्षांना ३७५ रुपये, एवढ्या हप्त्यात अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये मिळतात, आणि या किमतीत एवढे संरक्षण दुसरीकडे मिळणे कठीण आहे. योजना २००३ मध्ये सुरू झाली. २०१७ च्या सुधारणेनंतर मालक किंवा कामाची जागा बदलली तरी संरक्षण टिकते, आणि कफील (व्हिसा काढून देणारा मालक) बदलला की सगळेच कागद बदलतात अशा मुलखात ही तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते.

आजारपणात मात्र पॉलिसी तोकडी पडते. रुग्णालयात दाखल झाल्यास एका वेळी ५० हजार आणि एकूण १ लाख रुपये, म्हणजे दर वेळी दाखल होण्यामागे दोन हजार दिरहमच्या आसपास. आणि दाखल न होता डॉक्टरला दाखवले, गोळ्या आणल्या, तर काहीच नाही. मजुराचे बहुतेक आजार या दुसऱ्याच प्रकारचे असतात. दुबईत २०१३ च्या कायद्याने मालकाला कामगाराचा आरोग्य विमा काढावा लागतो, पण कमी पगाराच्या कामगारांसाठीच्या किमान विमा योजनेत तपासणीच्या खर्चाचा २० टक्के वाटा कामगाराकडेच राहतो. खाडा झाला की पगार कापला जाणार, वर हा वाटा. म्हणून माझा भाऊ मुतखड्याच्या कळा तीन दिवस पॅनाडॉल या वेदनाशामक गोळीवर काढत राहिला. उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन काम बंद असते, तरी बाकीच्या वेळेत घाम गाळून पाणी कमी पिणाऱ्याला हा आजार चुकत नाही.

अखेर त्याला दाखल करावे लागले. बताका (तिथले ओळखपत्र) दाखवल्यावर उपचार नीट झाले, याबद्दल तक्रार नाही. त्याच्या खिशातून गेलेल्या रकमेसाठी या पॉलिसीवर दावा करायला बसलो, तेव्हा मूळ बिले आणि डिस्चार्जचा कागद त्याच्या कंपनीच्या मंदूबकडे (सरकारी कागदपत्रे पाहणाऱ्या माणसाकडे) राहिल्याचे कळले. विमा कंपनीने छायाप्रती मान्य केल्या नाहीत आणि मूळ कागद काही हाती आले नाहीत. पॉलिसीची प्रत त्याच्याकडे होती, पण व्हिसाच्या प्लास्टिक पाकिटात चौपदरी घडी घालून, इंग्रजीत, बारीक अक्षरांत. ज्याला दहावी नाही म्हणून ही पॉलिसी सक्तीची केली, त्याच्याच हातात त्याला न वाचता येणारा कागद दिला जातो, हे मला अजिबात पटत नाही. एजंटनेही तो फक्त विमानतळावर दाखवायचा कागद म्हणून दिला होता.

तरीही पॉलिसी घ्यावी आणि मुदत संपण्यापूर्वी ऑनलाइन नूतनीकरण करावे, असेच मी सांगेन. ईसीआर नसलेल्या, दहावी झालेल्या मजुराला सक्ती नाही, म्हणून त्याने तर वेगळ्या विम्याची सोय पाहूनच जावे. भावाच्या खोलीत आता पॉलिसी क्रमांक, विमा कंपनीचा फोन आणि ‘मूळ बिल स्वतःकडे ठेवा’ एवढे मराठीत आणि हिंदीत लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवले आहे.