‘प्रतिष्ठान’ चिंचेचं कलम बांधासाठी कसं आहे?

परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हा वाण. कोरडवाहू रानाच्या बांधाला आमची पहिली पसंती यालाच. बियांचं रोप फळ धरायला ८-१० वर्षं घेतं, निगा राखलेलं कलम पाचव्या-सहाव्या वर्षी धरतं. चिंच उतरते फेब्रुवारी-मार्चात, तोवर ज्वारी-हरभरा निघालेला असतो, म्हणून झोडपणीत पीक तुडवलं जात नाही.

घेताना मात्र एकेक पिशवी तपासा. खुंट (खालचं मुळाचं रोप) चिंचेचा, त्यावर जोडलेली वाणाची काडीही चिंचेची. काडी मेली आणि खुंटाला फूट आली तर पानावरून ओळखूच येत नाही. मग वर्षानुवर्षं पाणी घालून वाढतं ते साधं रानरोप. जोड बोटाने चाचपा, फूट जोडाच्या वरूनच हवी. पिशवीच्या तळाशी मुळं गुंडाळलेली दिसली तर ते कलम तिथेच सोडा.

खड्डा मे महिन्यात. बांध अरुंद असेल तर २ फुटांवर थांबा, मोठा खड्डा घेतला तर पहिल्याच जोरदार पावसात बांध तिथे फुटतो. शेणखत २ घमेली, पूर्ण कुजलेलं. कच्च्या खताला वाळवी लागते. जोड मातीच्या वर वीतभर ठेवा आणि तो भरून आल्यावर त्यावर गुंडाळलेली पट्टी ब्लेडने उभी कापून काढा, नाहीतर खोड आवळतं आणि वाऱ्यात तिथेच मोडतं. दोन झाडांत ३० फूट. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला १०-१५ लिटर पाणी आणि आळ्यात सोयाबीनच्या भुसकटाचा जाड थर: काळ्या रानाला भेगा पडल्या की कोवळी मुळं तुटतात. भोवती बोरी-बाभळीच्या काटेरी फांद्या लावा, शेळ्या ठेवत नाहीत.

सगळ्यात जास्त विचार दिशेचा करा. हिवाळ्यात सावली उत्तरेला पडते. म्हणून उत्तरेचा बांध, आणि त्यापलीकडे रस्ता किंवा ओढा. दक्षिणेला लावलं तर तुमचीच रब्बी मार खाते. सामाईक बांधावर तर शेजाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय नकोच.

उणीव एकच, पण मोठी: कलम बुटकं आणि पसरट वाढतं, ट्रॅक्टर अडतो. खालच्या फांद्या दरवर्षी थोड्या-थोड्या काढत ६-७ फूट खोड मोकळं करा. एकदम छाटलं तर झाड खुरटतं.

चिंच १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहे, म्हणजे स्वतःच्या बांधावरचंही झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. ई-पीक पाहणीत बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे. लावली त्याच हंगामात नोंद करा.